आकडा यंत्राचा, पेशी डोळ्याच्या


अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढणाऱ्या टॉर्शनल फेको यंत्राला ऊर्जा निम्मी लागते म्हणून ते दुप्पट सुरक्षित, हा मागील अंकातील पत्रलेखकांचा हिशेब पटला नाही. पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या सूत्राने काढते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडून काय सिद्ध होणार? सुई नुसती पुढे-मागे हलली की तुकडा टोकापासून ढकलला जातो, टॉर्शनलप्रमाणे आडवी डोलली की टोकालाच राहतो, हे खरे. कडक, तपकिरी मोतीबिंदूत हा फायदा जाणवतो. मऊ मोतीबिंदूत तो शोधावा लागतो. खरी मोजपट्टी म्हणजे पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी. त्या गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर त्या मोजून दाखवा, मग बोलू.

अल्ट्रासाउंडशिवाय, हाताने लहान छेदातूनही मोतीबिंदू निघतो, याचा पत्रात उल्लेखही नाही! पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात या दोन पद्धतींची तुलना करणारी, ४०० डोळ्यांवर झालेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्याविना नजर फेकोत सरस होती. चष्म्यासह मात्र हाताने केलेल्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेतही तितकीच चांगली.

– एक नेत्रतज्ज्ञ, सांगली