धूर आणि अग्नी

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत तर्कबुद्धी अजमावणारी दुसरी प्रश्नपत्रिका आणली. २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती असली, तरी २०० पैकी ६६ गुण मिळविल्यावाचून उमेदवाराची गणना होत नाही. अनगोळातील तरुण मंडळींस हे ठाऊकच आहे. परंतु विचार घसरतो कोठे, हे पाहू.

आपल्या नैयायिकांचा दाखला आम्हांस अद्यापि सर्वांत सोपा वाटतो. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. म्हणून जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणावे काय? लोहाराने भट्टीतून काढलेला तप्त लोहगोल पाहा : अग्नी आहे, धूर नाही. विधान उलटे केले म्हणजे ते खरे राहीलच असे नव्हे.

शिकवणी वर्गांच्या फलकांवर पुष्कळदा हाच हेत्वाभास दडलेला असतो. 'हे सारे यशस्वी आमचे विद्यार्थी,' असे फलक सांगतो. भाबडे आईबाप वाचतात, 'यांचे सारे विद्यार्थी यशस्वी!' प्रवेश किती जणांनी घेतला होता, तो आकडा तेथे नसतो. कर्ज काढून फी भरण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांनो, तेवढा आकडा मागावा. मुलालाच विचारावयास पाठवावे. त्याचा अभ्यासही होईल.