माळ्यावरचे यंत्र

जवळा बाजारसारख्या पेठेच्या गावात जुन्या घराचा माळा आवरताना जमाखर्चाच्या वह्या आणि पितळी भांड्यांच्या मागे कधी एखादा जुना व्हॅक्यूम क्लीनरही सापडतो. सोबत लांब नळी, गादीच्या शिवणीतील धूळ काढणारे चपटे तोंड, गोल ब्रश आणि कापडी पिशवी. १९८२ साली युरेका फोर्ब्ज कंपनी स्थापन झाली. तिच्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन, प्रत्यक्ष सफाई करून दाखवत हे यंत्र भारतीय घरांत पोहोचविले.

त्याची रचना साधी आहे. मोटारीवरचा पंखा आतील हवा बाहेर फेकतो, नळीतून बाहेरची हवा वेगाने आत शिरते आणि तिच्यासोबतची धूळ पिशवीत अडकते. मात्र वर्षानुवर्षे पडून राहिलेली वायर तडकलेली असू शकते. म्हणून जाणकार वायरमनला दाखविल्याखेरीज ते सुरू करू नये.

जैन घरात याहून मोठा प्रश्न जयणेचा. यंत्राला धूळ आणि मुंगी यांतील भेद कळत नाही. आत ओढला गेलेला जीव वाचणे कठीण. म्हणून आधी कानाकोपरा निरखावा, मऊ पूंजणीने सूक्ष्म जीव हळुवार बाजूला करावेत आणि मगच बटण दाबावे. यंत्र घरात आले म्हणून आजीची पूंजणी माळ्यावर जाऊ नये.