बर्फावरच्या खोपटातला दिवा

गेल्या वेळी या सदरात आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा कशी राखायची ते पाहिलं. आजचा विषयही दिव्या-बॅटरीचाच आहे, पण जागा जरा लांबची आहे. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, थंडीत गोठलेलं तळं आणि त्या तळ्यावर मासे धरण्यासाठी उभं केलेलं कापडी खोपटं. "आत्या, ग्वाल्हेरात बसून आम्हाला याचा काय उपयोग?" असं विचाराल. शेवटपर्यंत वाचा, मग विचारा.

माझा भाचा मिनिॲपोलिसजवळ राहतो. मागच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे दोन महिने राहून आले. तिकडे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो आणि पाच वाजायच्या सुमाराला अंधार पडतो. अशा दिवसांत लोक घरात बसत असतील असं मला वाटलं होतं. पण सुट्टीच्या दिवशी निम्मं गाव तळ्यावर! गिरमिटानं बर्फाला आठ-दहा इंचांचं भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि स्टुलावर बसून वाट बघायची. वारा लागू नये म्हणून वर छत्रीसारखं उघडणारं खोपटं. आमच्या भाच्यालाही तिथल्या एका मित्राच्या नादानं हा छंद लागला. त्यानं कुणाकडून तरी जुनं खोपटं विकत घेतलं आणि त्याच्यासोबत एक गॅसचा कंदील फुकट मिळाला.

मी जाऊन आठवडा झाला असेल. एका रविवारी तो तळ्यावरून आला तो डोकं धरूनच. म्हणाला, "आत्या, पित्त झालंय बहुतेक. सकाळपासून नीट खाल्लं नव्हतं. मळमळतंय." भाचेसुनेनं आलं घातलेला चहा केला. मी सहज विचारलं, "तुझ्या मित्राला बरं आहे ना?" तो म्हणाला, "त्याचंही डोकं दुखत होतं. पण गाडीत बसल्यावर आम्हा दोघांनाही जरा उतार पडला."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. दोघांना एकाच वेळी पित्त होत नाही. आणि झालं तरी मोकळ्या हवेत येताच ते उतरायला लागत नाही.

मला आमच्या लष्करातल्या जुन्या वाड्यातली एक रात्र आठवली. मी सातवीत होते. काकू बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेकायला कोळशाची सिगडी ठेवलेली असे. आजी सिगडी अंगणात पेटवायची, धूर पुरता निघून जाऊन निखारे लालबुंद झाले की मगच आत न्यायची. धूर गेला म्हणजे सिगडी निर्धोक झाली, असंच सगळे मानत. त्या रात्री वारा फार होता म्हणून खिडकीच्या फटीत कुणीतरी चिंध्या कोंबल्या. पहाटे आजी दार ढकलून आत गेली, तर काकू हाकेला ओ देईना. दोघांना उचलून अंगणात आणलं. बाळ थोड्या वेळानं रडलं. काकू मात्र दुपारपर्यंत शुद्धीवर आली नाही आणि पुढे कित्येक महिने तिला गोष्टी आठवत नसत. घरात म्हणाले, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि संध्याकाळी तीच सिगडी पुन्हा त्याच खोलीत ठेवली.

त्या सिगडीनं काय केलं होतं, ते मला बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. कोणतंही इंधन जळताना त्याला ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची जळजळ नाही. लालभडक निखाऱ्यांतून तो भरपूर निघतो, अगदी धूर दिसत नसतानाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट पकडून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग झोप येते. माणूस झोपतो आणि तिथेच घात होतो.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याचं म्हणणं होतं, "अगं आत्या, कंदील तर आहे, सिगडी कुठे आहे?" मी म्हटलं, "बाळा, ज्योत ती ज्योतच. खोलीतली हवा तुम्ही दोघं वापरता आणि तो कंदीलही वापरतो." सहा फूट लांब, सहा फूट रुंद नि तेवढंच उंच खोपटं. आपल्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीएवढं. त्यात कापडाला चेन लावून बंद केलेलं दार आणि कडांवर वारा अडवायला लोटलेलं बर्फ. फटीत चिंध्या कोंबण्याचाच प्रकार!

शिवाय दुसरी एक गंमत त्याला हिशोब करून दाखवली. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. खोपट्याच्या आतल्या बाजूला थेंब का जमतात आणि मग त्यांचं बर्फ का होतं, हे त्याला तोवर उमगलं नव्हतं. आणि आगीचं भय वेगळंच. नायलॉनचं कापड, वर लोंबणारा तापलेला कंदील आणि खाली जाड कोट घातलेली दोन माणसं. मासा लागला की गडबडीत उठणारच.

मग आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद-पेन घेऊन बसलो आणि नवा दिवा निवडायला लागलो. तुमच्यापैकी कुणी अशा थंड मुलखात शिकायला किंवा नोकरीला असाल, किंवा इथेच हिमालयात ट्रेकला तंबूत राहणार असाल, तर ही यादी कामाची आहे.

पहिली गोष्ट, ज्योत नसलेला दिवा. बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्यायची. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या तापून पेट घेऊ शकतात. म्हणून बॅटरीच्या अगदी जवळ, धन टोकाच्या तारेवर फ्यूज हवाच.

दुसरी गोष्ट, तार. आपल्या घरातल्या साध्या पीव्हीसीच्या तारेचं आवरण कडक थंडीत ताठ होतं आणि वाकवलं की तडकतं. सिलिकॉनचं आवरण असलेली तार मऊ राहते. दिवा आणि जोडण्या पाण्याचे शिंतोडे सोसणाऱ्या हव्यात, कारण भोकातून पाणी उडतंच.

तिसरी गोष्ट, बॅटरी. इथे भाच्यानं विचारलं, "केवढी घेऊ?" मी इन्व्हर्टरचाच हिशोब मांडला. १२ व्होल्ट गुणिले ७ ॲम्पियर-तास म्हणजे ८४ वॅट-तास. पट्टी ६ वॅटची असेल तर १४ तास चालायला हवी. पण थंडीत बॅटरीचा जोर ओसरतो, म्हणून निम्मेच धरायचे, सात तास. संध्याकाळ पुरून उरेल. साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. लिथियमची चार्ज होणारी बॅटरी घेतली तर एक पथ्य पाळायचं, ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते. घरी आणायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच चार्जर लावायचा.

चौथी गोष्ट, उजेड किती. लोकांना वाटतं जितका लख्ख तितका चांगला. पण तिथे ज्याच्यासाठी सगळे बसतात त्या वॉलआय माशाच्या डोळ्यांत मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो. तो मंद उजेडातच भक्ष्याला निघतो. आपल्याला फक्त गळाची गाठ आणि पायाशी असलेलं भोक दिसलं की पुरे. म्हणून उजेड कमी-जास्त करता येणारी पट्टी बरी. आणि प्रत्येकाच्या कपाळावर एकेक टॉर्च हवीच, म्हणजे मोठा दिवा बंद पडला तरी अंधारात कुणी चाचपडणार नाही.

पाचवी गोष्ट, बाहेरून दिसणं. तळ्यावर रात्री स्नोमोबाइल नि गाड्यासुद्धा धावतात. खोपटं रात्रभर बर्फावर ठेवायचं असेल तर त्याच्या प्रत्येक बाजूला किमान दोन चौरस इंच चमकणारी पट्टी लावावी, असा मिनेसोटात नियमच आहे.

इथवर आमचं जमलं. मग भाचा म्हणाला, "पण आत्या, कंदील ऊबही देत होता. आता कुडकुडत बसू?" प्रश्न रास्त होता. एलईडी दिवा खोली तापवत नाही. त्यामुळे हीटर लागणारच, आणि तोही गॅसचाच. म्हणजे नुसता दिवा बदलून भागत नाही. ज्योत पेटणार असेल तर खोपट्याला खाली एक आणि वर एक झरोका उघडा ठेवायलाच हवा, थंडी वाजली तरी. काही हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. ती चांगली आहे, पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. तो घेताना खोक्यावर तापमानाची मर्यादा वाचायची, कारण अनेक घरगुती अलार्म कडाक्याच्या थंडीत भरवशाचे नसतात. हा वायू जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा असल्यानं खाली साचून राहत नाही, सगळीकडे मिसळतो. म्हणून अलार्म आपण बसल्यावर नाक येतं त्या उंचीवर टांगायचा. आणि हीटर पेटता ठेवून झोपायचं नाही, डुलकीसुद्धा नाही.

दोन आठवड्यांनी त्यानं मला मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर नेलं. चालण्यापुरतं किमान चार इंच जाड, नितळ बर्फ असावं असं तिथलं खातं सांगतं. त्या दिवशी सव्वा फुटाचं होतं, तरी माझा जीव पहिल्या दहा पावलांपर्यंत मुठीत होता. खोपट्यात पिवळसर मंद उजेड, वरचा झरोका उघडा, नाकासमोर टांगलेला अलार्म. मी मासे खात नाही, पण तासभर गळ धरून बसले. एक वीतभर पर्च लागला, तो भाच्यानं पुन्हा पाण्यात सोडला. परतताना मी विचारलं, "डोकं?" तो हसला, "एकदम ठीक." त्याच्या मित्रानंही तसाच अलार्म घेतल्याचं सांगितलं. मला मासा लागल्याहून जास्त आनंद झाला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे गोठलेलं तळं नाही, पण बंद न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर आहे. रजईसोबत खोलीत घेतलेली सिगडी आहे. लाइट गेल्यावर व्हरांड्यात लावलेला जनरेटर आहे. खोपटं नि न्हाणीघर, दोन्ही जागी माणूस थंडीसाठी फटी बुजवतो. तर आज एवढं करा. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, आणि तोवर बादली भरून गीझर बंद केल्यावरच आंघोळीला जा. सिगडी, कोळसा, लाकूड झोपायच्या खोलीत कधीच नको, धूर दिसो वा न दिसो. जनरेटर खिडक्या-दारांपासून किमान २० फूट दूर ठेवा.

घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आल्याचा चहा नंतर. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, ज्योत विझवा आणि ११२ला फोन लावा. कुणी बेशुद्ध असेल तर त्याला प्राणवायू लावावा लागतो, ते काम दवाखान्यातच होतं.

काकू आता नाही. त्या रात्री अंगणात रडलेलं बाळ आज आजोबा झालं आहे. मागच्या महिन्यात त्याच्या नातवाच्या बारशाला गेले होते. खोलीत तेलाचा हीटर होता आणि वरची खिडकी चार बोटं उघडी होती. नातसुनेला विचारलं, "कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "आजोबांनी. ते कुणाला बंदच करू देत नाहीत."

तुमच्या घरची खिडकी कशी आहे ते मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू या.