पुडीतले उटणे

दिवाळीच्या आधी आठ दिवस हल्ली दारात उटण्याच्या पुड्या येऊन पडतात. वर कुणा इच्छुक नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, आत चमचाभर पिवळट भुकटी. माझा त्या पुडीवर राग नाही. निवडणुकीच्या निमित्ताने का होईना, नरक चतुर्दशीला माणसे अंगाला काही चोळतात! पण त्या भुकटीला येणारा वास कुठल्याच घराचा नसतो. आणि उटणे द्यायचे तर ते घरचेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या माहेरी नवरात्र संपले की ही खटपट सुरू होते. काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा, आंबेहळद आणायची. संत्र्याच्या साली मागच्या हंगामातल्या, वाळवून डब्यात भरलेल्या. गुलाबाच्या पाकळ्या मात्र सावलीतच सुकवायच्या. उन्हात टाकल्या की रंगही जातो आणि वासही. नागरमोथा चांगला कठीण, तो आधी खलबत्त्यात ठेचावा लागतो. वाळ्याच्या मुळ्या कात्रीने बारीक कापल्या नाहीत तर मिक्सरच्या पात्याला गुंडाळी करून बसतात. मग मसुराच्या डाळीचे पीठ, थोडी मुलतानी माती, आणि शेवटी सगळे जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करायचे. हे शेवटचे काम सर्वात वाईट. शिंका, खोकला, पांढऱ्या झालेल्या भुवया.

चंदनाचे म्हणाल तर ते आमच्याकडे नावापुरतेच, सहाणेवर उगाळलेले थोडेसे. रानातला चंदन आज संकटात आहे. हिमालयातून मुळासकट खणून आणली जाणारी जटामांसी तर अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेली आहे. सणाच्या सुगंधासाठी डोंगर उकरण्याचे कारण नाही. जटामांसी आम्ही बंद केली, उटण्याचे काही अडले नाही.

अडले ते वेगळ्याच ठिकाणी. आईला २०२१ च्या उन्हाळ्यात कोविड झाला आणि तिचा वास गेला. चवही गेली होती, ती महिन्याभरात परतली, वास नाही. आणि आईच्या उटण्याला माप कधी नव्हतेच. मूठ, चिमूट, मग परातीवर वाकून एक खोल श्वास, की ठरले. त्या वर्षी ती परातीपुढे बसली आणि माझ्या भाचीला म्हणाली, ‘‘तू हुंग आणि मला सांग. मातीचा वास पुढे येतोय का? वाळा मागे राहिलाय का?’’ दहा वर्षांची पोर हुंगत होती, सांगत होती, आणि प्रत्येक वाटी वहीत लिहीत होती. आज ती वही आहे म्हणून आमचे उटणे आहे. ‘हाताचा अंदाज’ या गोष्टीचे आपण फार कौतुक करतो. तो अंदाज एका तापात जाऊ शकतो. ज्यांच्या घरात अजून हुंगणारे नाक आहे, त्यांनी ते माप यंदाच लिहून घ्यावे.

दुसरे असे, की परंपरेचे गोडवे गाणारे घरात पुष्कळ असतात, नाकाला फडके बांधून गाळणारी एकटी आई असते. आता माझा भाऊ आणि त्याचा मुलगा गाळतात. भुवया त्यांच्याही पांढऱ्या होतात. जे घर हे काम वाटून घेणार नाही, त्याने खुशाल नगरसेवकाची पुडी वापरावी.

भेट म्हणूनही या पुडीसारखे दुसरे काही नाही. सुक्या मेव्याचे खोके न उघडता चार घरे फिरते, कधी आपल्याच दारी परत येते. उटणे चार दिवसांत संपते, ठेवायला जागा मागत नाही. आमच्या सोळा पुड्या होतात, नातेवाईक, शेजारी, आणि आईकडे कामाला येणाऱ्या मावशी. मावशींची पुडी मात्र एकतर्फी जात नाही. त्यांच्या घरच्या उटण्यात कपूरकाचरी सढळ हाताची, वास जरा उग्रच. मागच्या दिवाळीत आईने ती पुडी उघडली, नाकाशी धरली, बराच वेळ धरून ठेवली. ‘‘हिचा येतोय गं थोडा,’’ म्हणाली.