आधी वहीवर कारखाना चालवा

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, कडा किंवा त्याच्या आसपासच्या गावात राहत असाल, तर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेली कुटुंबे तुम्ही नक्कीच पाहिली असतील. तुमच्यापैकी काहींच्या घरची माणसेही त्यांत असतील. त्यांचे काम त्यांना विचारा. ते सांगतील, की ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कारखान्यावर न्यायची, वजनकाट्यापुढे रांगेत थांबायचे आणि वजन झाले की ऊस गव्हाणीत टाकायचा. यांतले सर्वांत त्रासाचे काय, असे विचारलेत तर पुष्कळजण रांगेचे नाव घेतील. बैल ताटकळतात, माणसांची झोप जाते. शिवाय तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील, तितके त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. म्हणजे रांगेचा तोटा गाडीवान, शेतकरी आणि कारखाना या तिघांनाही होतो.

मग ही रांग कमी कशी करावी? दुसरा काटा बसवावा, की गाड्यांच्या वेळा ठरवून द्याव्यात? अशा प्रश्नांची उत्तरे शोधणे हा काही अभियंत्यांचा जन्मभराचा व्यवसाय असतो. त्यांना प्रणाली अभियंता किंवा सिस्टिम्स इंजिनियर म्हणतात. यंत्रे, माणसे आणि माल एकत्र आले म्हणजे काय घडते, हे ते पाहतात. प्रत्यक्ष कारखान्यात प्रयोग करणे महाग आणि धोक्याचे असते. म्हणून ते कारखान्याचे गणिती प्रतिरूप तयार करतात आणि प्रयोग त्या प्रतिरूपावर करतात. याला सदृशीकरण किंवा सिम्युलेशन असे म्हणतात.

हा व्यवसाय संगणकावर चालतो, हे खरे. पण त्याचा पहिला धडा वही, पेन्सिल आणि सापशिडीचा फासा एवढ्यावर शिकता येतो आणि तो तसाच शिकवला पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्या शाळांतून संगणकाचा तास म्हणजे टंकलेखनाचा तास होऊन बसतो. कळा दाबायला येऊ लागल्या म्हणजे संगणक आला, असे विद्यार्थ्याला वाटते. कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

आता वही घ्या आणि चार रकाने आखा : गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ, काट्यावर चढल्याची वेळ आणि थांबावे लागलेला वेळ. उदाहरणापुरते असे धरा, की एका गाडीचे वजन करायला ३ मिनिटे लागतात आणि दोन गाड्यांमधले अंतर फासा ठरवतो. फाशावर ४ पडले तर पुढची गाडी ४ मिनिटांनी आली. फाशाची सरासरी येते साडेतीन. म्हणजे गाडी साडेतीन मिनिटांनी येणार आणि काटा तिला तीन मिनिटांत मोकळी करणार. मग रांग लागायचे कारणच काय?

माझ्या वहीत फासे असे पडले : २, १, १, ६, ६, १, ५, ६. बेरीज २८, सरासरी बरोबर साडेतीन. पहिली गाडी शून्य मिनिटाला धरली, तर पुढच्या गाड्या २, ३, ४, १०, १६, १७, २२ आणि २८ व्या मिनिटाला आल्या. चौथी गाडी चौथ्या मिनिटाला आली, पण तिच्या आधीच्या तिन्ही गाड्या आटोपेपर्यंत नववे मिनिट उजाडले. तिला ५ मिनिटे थांबावे लागले. नऊ गाड्या मिळून १३ मिनिटे थांबल्या. आणि गंमत पाहा, त्याच २८ मिनिटांत काटा ४ मिनिटे रिकामा होता! रांगही लागली आणि काटाही रिकामा राहिला. सरासरी खोटी नव्हती, पण चौथ्या गाडीवर काय गुदरले हे तिने सांगितले नाही.

आता दुसरा काटा बसवून पाहा. तेच फासे घेतले तर एकूण थांबणे १३ मिनिटांवरून १ मिनिटावर येते. किंवा काटा एकच ठेवा आणि गाड्या बरोबर साडेतीन मिनिटांच्या अंतराने येऊ द्या. मग कोणालाच थांबावे लागत नाही. पहिल्या उपायाला पैसे लागतात, दुसऱ्याला नियोजन. काय करावे हे वही ठरवत नाही, पण प्रत्येक उपायाची किंमत ती तुमच्यापुढे ठेवते.

ही पद्धत मुलांचा खेळ वाटेल. म्हणून जे फॉरेस्टर या अमेरिकन अभियंत्याची हकीकत सांगतो. त्यांचा जन्म १९१८ साली नेब्रास्का राज्यातल्या एका पशुपालकाच्या घरी झाला. घरी वीज नव्हती. माध्यमिक शाळेत असतानाच त्यांनी मोटारीचे जुने भाग जमवून पवनचक्कीवर चालणारी वीज घरात आणली. पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ‘व्हर्लविंड’ हा आरंभीच्या काळातला नामांकित संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. नंतर ते उद्योगांच्या अभ्यासाकडे वळले. तेव्हा केंटकी राज्यातल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यांचे एक कोडे त्यांच्यापुढे आले. कधी तीन पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. फॉरेस्टर यांनी नोकरभरतीचे आणि साठ्याचे नियम समजून घेतले आणि वहीच्या पानावर आठवड्यामागून आठवडा हाताने आकडेमोड केली. ग्राहकांची मागणी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या वरखाली होतच राहिली. म्हणजे दोष बाजारात शोधायचे कारण नव्हते, तो कारखान्याच्या स्वतःच्या नियमांत होता. याच कामातून १९६१ साली त्यांचा ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ आला. ज्याने संगणक घडवला, त्यानेही आरंभ वहीवर केला, हे ध्यानात ठेवा.

मग संगणक हवा तरी कशाला? एका फाशावर विसंबून लाखो रुपयांचा काटा घेता येत नाही. तोच खेळ हजार वेळा खेळून पाहावा लागतो. एकट्याने केला तर महिना जाईल. वर्गात ४० मुले असतील आणि प्रत्येकाने २५ वेळा केला, तर हजार होतात. एक काम अनेकांत वाटून करण्याच्या या रीतीला संगणकांच्या बाबतीत वितरित किंवा समांतर संगणन म्हणतात. हजार खेळ वाटून देता येतात, कारण ते एकमेकांवर अवलंबून नाहीत. पण एकाच खेळातल्या गाड्या ४० जणांत वाटून पाहा! पहिल्या गाडीचे वजन संपल्याशिवाय दुसरीची वेळ काढताच येत नाही. शिवाय शेवटी सर्वांची उत्तरे गोळा करणारा वर्गनायक एकच. प्रत्येक उत्तर टिपायला १५ सेकंद लागली, तर ४० उत्तरांना १० मिनिटे गेली. मुले ८० केली तर २० मिनिटे. जे काम वाटता येत नाही तेच शेवटी वेगाला मर्यादा घालते, हा मुद्दा जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणक-अभियंत्याने १९६७ साली मांडला. टोळ्या चाळीस, पण काटा एक, असा हा प्रकार आहे. ऊसतोडणी मजुराला तो सांगून पाहा, त्याला लगेच पटेल.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचे मोठे काम पुण्यात झाले. अमेरिकेने हवा तेवढा शक्तिशाली महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. त्यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातला. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी नागपूरला घेतले, पीएच.डी. दिल्लीच्या आय.आय.टी.त केली आणि पुढे त्रिवेंद्रमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे ते संचालक होते. एकच प्रचंड वेगवान यंत्र बनवण्याऐवजी अनेक लहान प्रक्रियक जोडून त्यांच्यात काम वाटायचे, हा मार्ग सी-डॅकने धरला. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. हवामानाच्या अंदाजासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. तोही वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून ते असंख्य प्रक्रियकांत वाटतो. प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाची खबर सतत घ्यावी लागते, आणि ही देवाणघेवाण जितकी नेटकी, तितके काम वेगात.

कोणी म्हणेल, “हे सारे खरे, पण या नोकऱ्या पुण्या-मुंबईला. कड्यातल्या मुलाने काय करावे?” नोकऱ्या पुष्कळशा शहरांतच आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तुम्हांला बहुधा बाहेर पडावे लागेल. पण जो अभियंता वातानुकूलित खोलीत बसून उसाच्या काट्याचे प्रतिरूप करील, त्याला गाडीवान वेळेवर का येऊ शकत नाही हे ठाऊक नसते. बैल थकतो, रस्ता चिखलाचा असतो, टोळीतले कोणी आजारी पडते. हे त्याच्या समीकरणात कुठेच नसते आणि मग समीकरण फसते. तुम्हांला ते घरबसल्या ठाऊक आहे. त्याला गणिताची, विशेषतः संभाव्यतेची जोड द्या. भौतिकी मन लावून शिका. पाहिलेले नीट लिहून ठेवण्याची सवय लावा. या व्यवसायात पहिली काही वर्षे यंत्रावर काम करणाऱ्यांचे ऐकून घेण्यातच जातात, आणि ती वाया जात नाहीत.

शिक्षकांनाही एक विनंती. संगणकाचा एक तास वर्गातच घ्या आणि चाळीस वह्यांवर हा खेळ मांडा. नंतर मुलांना घड्याळ देऊन बाजार समितीच्या काट्यावर, पिठाच्या गिरणीत किंवा एस.टी. स्थानकाच्या खिडकीपुढे पाठवा. पन्नास माणसांच्या वेळा टिपून आणू द्या आणि फाशाऐवजी ते आकडे वापरू द्या. वहीतली रांग आणि खरी रांग जुळली नाही तर आकडे खोडून जुळवू देऊ नका. आपण काय धरायचे विसरलो, हे मुलांनी पुन्हा तिथे जाऊन पाहावे. मुरलेला सिस्टिम्स इंजिनियरही हेच करतो.