वृक्षकर कोणत्या गल्लीत खर्च होतो?

घरपट्टीचं बिल आलं की आपली नजर थेट तळाच्या बेरजेवर जाते. वरचे रकाने फारसं कोणी वाचत नाही. सामान्य कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, अग्निशमन कर, आणि त्यांच्यात दबून बसलेला एक लहानसा आकडा: वृक्षकर. रक्कम इतकी किरकोळ की तिच्याबद्दल भांडायला कोणी नगरपालिकेच्या खिडकीवर जात नाही. पण घराघरांतून, दुकानादुकानांतून, कारखान्यांतून ती गोळा होते, आणि आपल्या रस्त्यावरच्या झाडांसाठी म्हणून वेगळी काढलेली ही एवढीच पुंजी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या वाचकांशी यंदाच्या दिवाळीत आम्हाला या रकान्याबद्दलच बोलायचं आहे.

या कराच्या मागे एक चांगला कायदा उभा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 सालचा. प्रत्येक शहरात वृक्ष प्राधिकरण असावं, दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी, परवानगीशिवाय झाड तोडू नये, तोडायचं असेल तर त्या झाडावरच नोटीस लावावी, म्हणजे त्याच्या सावलीत बसणाऱ्याला हरकत घेता येईल. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या पुढचं झाड प्राचीन वृक्ष मानलं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायला सांगितली. प्राधिकरणावर नगरसेवकांबरोबर झाडांचं काम करणाऱ्या संस्थांची माणसंही असावीत, ही या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पण अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांची मुदत 2020 मध्ये संपली, उल्हासनगर महापालिकेची 2022 मध्ये. पुढची वर्षं प्रशासकांच्या हाती गेली. नेमक्या त्याच वर्षांत इथं रस्ते रुंद झाले, काँक्रीटचे झाले, टॉवर उठले. जेव्हा झाडाच्या बाजूनं बोलायला माणूस लागतो, तेव्हाच सभागृह रिकामं होतं.

तिन्ही शहरं एकाच लोकल मार्गावर लागोपाठ येतात, पण झाडांच्या बाबतीत त्यांची नशिबं वेगळी आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. जेमतेम 13 चौरस किलोमीटरची जागा आणि 2011 च्या जनगणनेत 5 लाख 6 हजार माणसं. घर हरवून आलेल्या लोकांनी मिळेल त्या इंचावर दुकान, कारखाना, खोली उभी केली. त्यांना त्याचा दोष कसा देणार? पण त्या छावणीमुळे आजही कॅम्प म्हणवणाऱ्या शहराच्या पाचही भागांत अशा कितीतरी गल्ल्या आहेत जिथं झाड लावायचं म्हटलं तरी माती दिसत नाही. अंबरनाथला वालधुनीकाठी 1060 सालचं शिवमंदिर आहे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आवारात जुनी, मोठी झाडं तग धरून आहेत. बाहेरचं अंबरनाथ मात्र इमारतींनी भरत चाललं आहे. बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, ती दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर तर मोजदादच नको. ज्या बदलापूरच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जांभळाची झाडं असलेल्या जमिनींवर आता सोसायट्यांच्या पाट्या लागताहेत. आणि उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर गेला की बातम्यांत बदलापूरचं नाव हमखास असतं.

आमचा मुद्दा लागवडीचा नाही. लागवड दर पावसाळ्यात होते, फोटोही येतात. पैसा लागतो तो संगोपनाला. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं मार्च ते जून पाणी लागतं, म्हणजे टँकर लागतो, टँकरवर माणूस लागतो. ट्री गार्ड वेळेवर काढला नाही तर तोच लोखंडी पिंजरा वाढत्या खोडात रुततो. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट बुंध्याला टेकलं की आळं राहत नाही, पाणी मुळापर्यंत जात नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे त्याच चुकीवर नवा रस्ता ओतला जातो. गटारासाठी, केबलसाठी खणताना एका बाजूची मुळं तोडली जातात. मे महिन्यात वीजतारांखालच्या फांद्या एकाच बाजूनं छाटतात आणि झाडाचा तोल जातो. मग पहिल्या वादळी पावसात ते एखाद्या रिक्षेवर किंवा माणसावर कोसळतं आणि आपण म्हणतो, झाड धोकादायक होतं. ते धोकादायक कोणी केलं, हे पंचनाम्यात कधीच येत नाही. छाटणी हे कसब आहे. कुठली फांदी कुठून कापायची हे जाणणारा माळी आणि फांद्यांच्या वजनावर पैसे मिळवणारा ठेकेदार यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वृक्षकरातून आधी असे माळी नेमले पाहिजेत, बारा महिने, प्रभागवार.

काही वाचक सुचवतात की ज्या वसाहतीला झाडं हवीत तिनंच वेगळी वर्गणी काढावी आणि ती तिथंच खर्च व्हावी. जगात असं होतं. कॅलिफोर्नियात 1972 च्या कायद्यानं एखाद्या भागापुरता हिरवाई आणि पथदिव्यांचा कर बसवता येतो, आणि 1996 पासून त्यासाठी तिथल्या मालमत्ताधारकांचं मत घ्यावं लागतं. पैसा कुठून आला, कुठे गेला, हे तिथल्या रहिवाशाला ठाऊक असतं, आणि ते आम्हाला हवंहवंसं वाटतं. पण त्याच राज्यातल्या सॅन फ्रान्सिस्कोनं आणखी एक धडा दिला आहे. रस्त्यावरच्या झाडांची जबाबदारी तिथं घरमालकांवर टाकली जात होती. ज्याला परवडलं त्यानं निगा राखली, बाकीची झाडं उघड्यावर पडली. शेवटी 2016 मध्ये मतदारांनी कौल दिला आणि सगळ्या झाडांची निगा शहरानं अंगावर घेतली. त्यासाठी वर्षाला 1 कोटी 90 लाख डॉलर राखून ठेवले.

आपल्याकडे वसाहतवार कर आला तर काय होईल? बदलापूर पूर्वेची एखादी मोठी सोसायटी आपल्या दारासमोर ताम्हण आणि बहावा फुलवेल. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका खोलीत शिलाई मशीन चालवणाऱ्या कुटुंबाची गल्ली मात्र तापतच राहील, कारण तिथं ना वर्गणी जमेल ना जागा. सावलीची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्याकडेच तिचे पैसे नसतात. म्हणून कर सगळ्या शहराचा एकच असावा, पण त्याचा हिशेब गल्लीपर्यंत यावा. आम्ही तर पुढे जाऊन म्हणू की प्रभागात जमलेल्या वृक्षकराची निम्मी रक्कम त्याच प्रभागातल्या झाडांच्या निगेला जावी आणि उरलेली निम्मी जिथं झाडच नाही अशा वस्त्यांत, पदपथ फोडून माती मोकळी करण्यासाठी. वृक्षगणनेची यादी रस्त्यांच्या नावांसह सर्वांना पाहता यावी. बिलाच्या मागची बाजू कोरीच असते. तिथं छापा की गेल्या वर्षी या प्रभागात किती कर जमला, किती झाडांना पाणी घातलं, किती छाटली, किती पडली.

थकबाकीचा प्रश्न खरा आहे. व्याजमाफीच्या अभय योजनेची वाट पाहत घरपट्टी लांबवायची सवय आपल्याला जडली आहे, आणि घरपट्टीबरोबर वृक्षकरही थकतो. हिशेब मागताना भरलेली पावती हातात असलेली बरी. आपली आणखी एक सवय झाडांना भोवते: दिवाळीच्या दिवसांत रोषणाईसाठी खोडात खिळे ठोकले जातात, तारा आवळल्या जातात, आणि तुळशीच्या लग्नानंतरही त्या तशाच राहतात. यंदा माळा लावल्याच असतील, तर खिळ्यांसकट काढा.

आणि एक काम करा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. आपापल्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला विचारा: गेल्या तीन वर्षांत वृक्षकर किती जमला, वृक्ष निधीतून कोणत्या प्रभागात कशावर खर्च झाला, आणि शेवटची वृक्षगणना कधी झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेली उत्तरं आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात तिन्ही शहरांची उत्तरं शेजारी शेजारी छापायला आम्ही पानं राखून ठेवत आहोत.