पाने गाळणाऱ्यांचे राज्य

हुकूमशहा बंदुकीच्या जोरावर राज्य करतो, हा समज अर्धाच खरा आहे. बंदुकीने माणूस गप्प बसतो, पण मनातून विरोधातच राहतो. म्हणून हुकूमशाहीला माणसाच्या डोक्यात शिरावे लागते. जॉर्ज ऑरवेल यांची '१९८४' ही कादंबरी नेमकी याच घुसखोरीची कथा आहे. ती प्रसिद्ध झाली १९४९ साली. बिहारातील मोतिहारी येथे जन्मलेले ऑरवेल ब्रह्मदेशात इंग्रजांचे पोलीस अधिकारी होते. १९४१ ते १९४३ या युद्धकाळात ते बीबीसीवरून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करीत. सरकारी प्रचाराचे यंत्र त्यांनी आतून पाहिले होते.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरी करतो. काम काय? तर जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलणे! सत्ताधारी पक्षाचे भाकीत चुकले की जुना अंक नव्याने छापायचा आणि मूळ कागद भट्टीत टाकायचा. पुरावाच उरला नाही की सरकार कधी चुकलेलेच नसते. दुसरीकडे सरकारी कोशकार भाषेतून शब्द कमी करीत असतात. बंडाला शब्दच राहिला नाही, तर बंडाचा विचार तरी कोण करील?

ही साहेबाच्या देशातली कल्पित गोष्ट म्हणून सोडून द्यावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला शिवू दिले नाही, त्याला विचारबंदी कादंबरीतून शिकावी लागत नाही. शब्दावरचा आणि पानावरचा, असे दोन्ही घाले आमच्या चळवळीने अनुभवले आहेत.

१९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांना कायद्याने 'हरिजन' म्हणण्याचा प्रश्न आला. बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध करून सभागृहाबाहेर पडले. नुसत्या नावासाठी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'अस्पृश्य' या शब्दात गुन्हा दिसतो. 'हरिजन' म्हटले की गुन्हेगार दिसेनासा होतो. ऑरवेलच्या राज्यात छळ करणाऱ्या खात्याला प्रेम मंत्रालय म्हणतात, ते याचसाठी.

पुढे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. राम-कृष्णांविषयीच्या परिशिष्टावर गदारोळ झाला आणि ते वगळण्याची भाषा सुरू झाली. १९८८ साली आंबेडकरी जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्या मोर्चातल्या कितीतरी मायबहिणींना तो इंग्रजी ग्रंथ वाचता येत नव्हता, पण पान गाळणे म्हणजे काय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. परिशिष्ट राहिले; शासन त्यातील मतांशी सहमत नसल्याची टीप तेवढी जोडली गेली. टीप जोडणे हा मतभेद आहे. मतभेदाला आमची हरकत नाही. पान फाडणे ही मात्र विचारबंदी आहे आणि तिच्याशी तडजोड नाही.

आता एक गोष्ट स्वतःशीच बोलण्याची. ऑरवेलच्या राज्यात भिंतीभिंतीवर एकाच नेत्याचे चित्र असते आणि लोकांनी त्याच्यावर नुसते प्रेम करायचे असते. ती कादंबरी आली त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांनी आपल्या अनुयायांना वगळून दिला नव्हता. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे पण ग्रंथ नाही, त्या घरासाठी कुणालाही पान गाळण्याचे कष्ट घ्यावे लागणार नाहीत. तिथे उद्या कोणी बाबासाहेबांच्या तोंडी काहीही घातले, तरी ते पडताळून पाहणार कोण?

तेव्हा जयंतीला हार जरूर घाला. पण विहारात ग्रंथांचे कपाट ठेवा, त्याची किल्ली पोरांच्या हाती द्या आणि जुने अंक रद्दीत घालू नका. ज्याच्याकडे मूळ कागद आहे, त्याला फसवणे सोपे नसते.